निशाणाचा मान आणि कायद्याचा धाक

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी या दोन दिवशी आपल्या शाळेच्या पटांगणावर राष्ट्रध्वज चढतो, पथके सलामी देतात, राष्ट्रगीत होते व खाऊ वाटला जातो, हे या वार्षिकाच्या वाचकांस सांगावयास नको. गेल्या वर्षी आमच्या वक्तृत्व मंडळात वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी 'राष्ट्रध्वजाचा मान कायद्याने सक्तीचा असावा' हा विषय वादास घेतला होता. दोन्ही पक्ष हिरिरीने बोलले. अध्यक्षस्थानी आम्ही होतो. आणि अध्यक्षाने कोणत्याही पक्षाकडे झुकू नये या संकेतास अनुसरून आम्ही त्या दिवशी आपले मत सांगितले नाही. सभा संपल्यावर एका विद्यार्थ्याने जिन्यात गाठून, "सर, पण तुम्हांला स्वतःला काय वाटतं?" असे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही या पानांचा उपयोग करीत आहो.

प्रथम कायदा काय आहे हे पाहिले पाहिजे. कारण त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी त्याविषयी बरेच काही अनुमानधपक्याने सांगितले. आपल्या घटनासमितीने तिरंगी ध्वज २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. त्याचा अवमान हा गुन्हा ठरविणारा कायदा १९७१ साली झाला. सार्वजनिक जागी, अथवा लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी, जो कोणी ध्वज जाळील, विद्रूप करील, पायाखाली तुडवील किंवा शब्दाने वा कृतीने त्याची अप्रतिष्ठा करील, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्याच कायद्यात असाही खुलासा आहे की, सनदशीर मार्गाने बदल व्हावा या हेतूने कोणी टीका केली तर तो गुन्हा नव्हे. पुढे १९७६ साली घटनेत मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली, त्यांतील पहिल्याच कर्तव्यात ध्वजाचा व राष्ट्रगीताचा आदर आला. परंतु कर्तव्य चुकणाऱ्यास तेथे शिक्षा सांगितलेली नाही. २००२ सालच्या ध्वजसंहितेत, ध्वजारोहणाच्या वेळी उपस्थितांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहावे असे म्हटले आहे. पण तीही मार्गदर्शक सूचना आहे. सारांश, आपला कायदा उघड अवमान करणाऱ्यास शिक्षा करतो, पण वंदन न करणाऱ्यास तुरुंगात घालीत नाही. या भेदावरच आमचे मत उभे आहे.

सक्तीच्या पक्षाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, ध्वज हे केवळ कापड नव्हे. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, प्राण दिले, त्यांची ती आठवण आहे. मनुष्याच्या आईबापांच्या तसबिरीवर कोणी चारचौघांत थुंकला तर त्याचे काळीज जळते. मग कोट्यवधी लोकांच्या पूज्य वस्तूची विटंबना झाली तर शांतता कशी राहावी? हे आम्हांस मान्य आहे. सार्वजनिक शांततेसाठी व दुसऱ्याच्या भावनेची कदर म्हणून उघड विटंबनेस कायद्याने बंदी असावी, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु 'विटंबना करू नको' असे सांगणे निराळे, आणि 'मान दे, नाहीतर शिक्षा भोग' असे सांगणे निराळे. पहिल्यात कायदा हाताला आवर घालतो. दुसऱ्यात तो अंतःकरणाचा ताबा मागतो, आणि तेथे त्याचा हात पोहोचत नाही.

स्वित्झर्लंड देशातील विल्यम टेल याची कथा आमच्या विद्यार्थ्यांनी ऐकली आहे. इतिहासकार तिला दंतकथा म्हणतात, पण तिच्यातील मर्म खोटे नाही. आल्टडॉर्फ गावच्या चौकात गेस्लर नावाच्या अंमलदाराने आपली टोपी एका खांबावर टांगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तीस वंदन करावे असा हुकूम काढला. लोक भीतीने वाकले. पण त्यामुळे गेस्लराविषयी कोणाच्या मनात तिळभरही आदर वाढला नाही. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने उभारलेली सोन्याची मूर्ती व भट्टीत टाकलेले तीन तरुण यांची हकीकतही आपल्या रविवारच्या शाळेतील मुलांस ठाऊक आहे. आमच्या देशाचे निशाण ही गेस्लराची टोपी नव्हे, की राजाची मूर्ती नव्हे. आम्ही ख्रिस्ती असून त्यास आनंदाने वंदन करतो, व त्यात आमच्या श्रद्धेस काही बाध येतो असे आम्ही मानीत नाही. परंतु म्हणूनच ते निशाण त्या टोपीच्या पंक्तीस नेऊन बसविले जाऊ नये, अशी आमची तळमळ आहे.

आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. १९२३ साली नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला. त्या काळच्या चरखांकित तिरंग्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्स भागात नेण्यास इंग्रज अधिकाऱ्यांनी मनाई केली होती. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक दररोज निघत व दररोज पकडले जात. बजाजांस अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले. अखेर ऑगस्ट महिन्यात मिरवणूक मनाईच्या रस्त्याने गेली. त्या दिवसांत निशाणाच्या बाजूस कोणता कायदा होता? कायदा तर उलट बाजूस होता. तरीही निशाणास जो मान तेव्हा मिळाला, तो कोणत्या शिक्षेच्या भयाने मिळाला? मान हा प्रीतीतून निघतो, याहून मोठा पुरावा आम्हांस सांगता येणार नाही.

सक्तीने काय होते हे अमेरिकेच्या अनुभवावरून पाहावे. पेन्सिल्वेनिया संस्थानातील मायनर्सव्हिल गावी १९३५ साली दोन भावंडांस, ती निशाणास सलामी देत नाहीत म्हणून, शाळेतून काढून टाकण्यात आले. ती 'यहोवाचे साक्षी' या पंथाची होती व असे वंदन देवावाचून कोणास करू नये अशी त्यांची समजूत होती. १९४० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. लोकांनी त्याचा अर्थ काय घेतला? ठिकठिकाणी जमावांनी त्या पंथाच्या लोकांस मारहाण केली, एके ठिकाणी त्यांचे सभागृह जाळले. निशाणाच्या नावाने शेजारी शेजाऱ्यावर उठला! तीनच वर्षांनी, १४ जून १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निर्णय फिरविला व मुलांवर सलामीची सक्ती करता येणार नाही असे ठरविले. तो दिवस त्या देशात ध्वजदिन म्हणून पाळला जातो. युद्धाच्या दिवसांतही ज्या राष्ट्रास आपली चूक कबूल करण्याचे धैर्य झाले, त्याचे निशाण त्या निकालाने खाली आले नाही.

आपल्या देशातही असा प्रसंग आला. केरळातील एका शाळेत याच पंथाची तीन भावंडे शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु धर्मसमजुतीमुळे गात नसत. १९८५ साली त्यांस शाळेतून काढण्यात आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांस परत घ्यावे असा निकाल दिला. गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही. जो आदराने उभा राहतो तो न गाऊनही अनादर करीत नाही. आणि सहिष्णुता ही आपली परंपरा आहे, असे त्या निकालाचे तात्पर्य होते. त्या पंथाची मते आमच्या मंडळीस मान्य नाहीत. पण ज्याचे मत आपणांस पटत नाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीस धक्का न लावणे, हीच तर सहिष्णुतेची कसोटी होय.

चित्रपटगृहांचे उदाहरण तर पालकांस स्मरतच असेल. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजविणे व सर्वांनी उभे राहणे आवश्यक ठरविले. त्यानंतर न उठणाऱ्यांवर शेजारच्या प्रेक्षकांनी हात टाकल्याचे प्रकार घडले. ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने तो आदेश बदलून राष्ट्रगीत वाजविणे ऐच्छिक केले. मान मोजण्याचे काम एकदा सक्तीकडे गेले की प्रत्येक जण दुसऱ्याचे गुडघे पाहू लागतो, आणि आपल्या मनात डोकवावयाचे राहून जाते.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ध्वज फाटला अथवा जीर्ण झाला तर काय करावे? आपल्या ध्वजसंहितेत सांगितले आहे की, तो एकांतात, शक्य तर जाळून, सन्मानपूर्वक नष्ट करावा. म्हणजे ध्वज जाळणे एका ठिकाणी कर्तव्य आहे, आणि तेच चौकात द्वेषबुद्धीने केले तर अपराध आहे. अग्नी एकच, कापड एकच. भेद काय तो हेतूचा. मान व अवमान ही दोन्ही शेवटी मनात राहतात. चौकातील उघड द्वेष न्यायाधीशास दिसू शकेल. पण उभ्या असलेल्या माणसाच्या मनातील आदर त्याने कोणत्या तराजूत तोलावा?

यावर काही पालक म्हणतील, "मास्तर, हे सारे मोठ्यांसाठी ठीक. मुलांस धाक नसेल तर शिस्त कशी लागेल?" याचे उत्तर आम्ही आमच्याच एका चुकीने देतो. काही वर्षांपूर्वी ध्वजारोहण चालू असता पाचवीच्या रांगेत एक मुलगा शेजाऱ्याशी कुजबुजत होता व टाचा उंचावून मान वाकडी करीत होता. आम्ही मागून जाऊन त्याचा कान धरला आणि समारंभ संपेपर्यंत त्यास भिंतीशी उभे केले. नंतर, "निशाणाचा मान राखता येत नाही काय रे?" असे दरडावून विचारले. तो डोळे पुशीत म्हणाला, "सर, मला निशाण दिसतच नव्हतं. पुढं मोठी मुलं होती. मी ह्याला विचारत होतो, वर गेलं का म्हणून."

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या सबंध पटांगणात निशाण पाहण्याची खरी आतुरता कदाचित त्या एकट्यासच असेल, आणि शिक्षा मात्र त्यासच झाली. आमचा नियम त्याच्या टाचा पाहू शकला. त्याचे मन पाहू शकला नाही. बाकीची मुले ताठ उभी होती, म्हणून त्यांस आम्ही देशभक्त समजलो. त्याच दुपारी फाटकाबाहेर कागदी झेंडे चिखलात पडलेले आम्ही पाहिले. ते टाकणारे हात सकाळी सलामीस वर गेले होते.

तेव्हा आमचे मत असे की, उघड विटंबनेस मनाई करणारा कायदा असावा, तोही जपून वापरावा. पण आदराची सक्ती कायद्याने करू नये, आणि मुलांवर तर मुळीच करू नये. याचा अर्थ शाळेने व घराने हात जोडून बसावे असा नाही. उलट, कायद्याने जे होत नाही ते करण्याचा भार आपणांवर पडतो. निशाणावरील चक्र सारनाथाच्या स्तंभावरून आले आहे व त्यास चोवीस आरे आहेत, हे मुलांस सांगावे. नागपूरच्या त्या मिरवणुकीची कथा सांगावी. शेजाऱ्याचा धर्म, भाषा वा जात निराळी असली तरी त्याच निशाणाखाली त्याचा वाटा आपल्याइतकाच आहे, हे आपल्या वागण्यातून दाखवावे. पालकांनी कागदी झेंडा विकत घेऊन द्यावा, तर संध्याकाळी तो घरी आणून जपून ठेवावयासही शिकवावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, जिन्यात विचारलेल्या प्रश्नाचे हे आमचे उत्तर. तुम्ही उद्या नागरिक व्हाल, कदाचित कायदे करणारेही व्हाल. कोणी उभा राहिला नाही तर त्याच्या अंगावर धावून जाण्यापूर्वी, त्यास निशाण दिसते आहे की नाही हे आधी विचारा. आमच्या शाळेत त्या वर्षापासून ध्वजारोहणाच्या वेळी सर्वांत लहान मुलांची रांग पुढे असते.