मेंदूचा प्राणवायू आणि पहिले मिनिट

परवा दर्यापूर तालुक्यातले एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. नातू सातव्या महिन्यातच जन्मलेला, सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात भरती. कुणा पाहुण्याने सांगितले की, मोठ्या शहरात कपाळाला पट्टी लावून बाळाच्या मेंदूतला प्राणवायू मोजतात. "डॉक्टरसाहेब, वावर गहाण टाकतो, पण पोराले त्या मशीनवर नेतो. नेऊ का जी?"

मी तिथल्या बालरोगतज्ज्ञांशी बोललो. बाळ उबेत होते, श्वास ठीक होता, नळीने आईचे दूध चालू होते. मी म्हटले, "बाळाला हलवू नका, वावरही राहू द्या."

करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर बोटाच्या रोहिणीतील रक्ताचा प्राणवायू सांगतो. ही मशीन कवटीतून विशिष्ट प्रकाशकिरण सोडून प्रत्यक्ष मेंदूत किती प्राणवायू आहे याचा अंदाज देते. हृदयशस्त्रक्रियेसारख्या प्रसंगी तज्ज्ञ तिचा उपयोग करतात. कल्पना उत्तम आहे. पण त्याने बाळे वाचतात का?

डेन्मार्कच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने १७ देशांत याची पाहणी झाली. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली १६०१ बाळे त्यात होती. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. मृत्यू किंवा मेंदूला गंभीर इजा यांचे प्रमाण मशीन लावलेल्या बाळांत शेकडा ३५.२ आणि न लावलेल्यांत ३४ निघाले. म्हणजे फायदा दिसला नाही. आकडा कळणे वेगळे आणि त्यावर नेमका उपाय सापडणे वेगळे.

आता आपल्याच विदर्भातले उदाहरण पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. श्वास अडला तर काय करायचे, ऊब, दूध, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार करणे, एवढेच. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मेंदूचा प्राणवायू वाचवायचा तो जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात. बाळ रडले नाही, श्वास घेतला नाही, तर लगेच पुसून, पाठ चोळून, गरज पडल्यास फुगा-मास्कने श्वास देणारा शिकलेला माणूस तिथे हवा. बाळंतपणाची जागा ठरवताना मशीनची नव्हे, या माणसाची चौकशी करा. रात्री दोन वाजताही तो असतो का, हे विचारा.

आणि माऊल्यांनो, बाळाला लगेच आंघोळ घालू नका. कोरडे करून छातीशी धरा, तासाभरात अंगावर पाजा. बाळ दूध ओढेना, अंग गार पडले, जीभ-ओठ निळे झाले, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा झटके आले, तर अंगारे-धुपारे करत बसू नका. १०८ ला फोन करा. अमरावतीचे डफरीन, अकोल्याचे लेडी हार्डिंग येथे आजारी नवजात बाळांसाठी खास कक्ष आहेत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात नवजाताचे उपचार मोफत आहेत.

वावर गहाण टाकण्याआधी एवढे तरी विचारा: या खर्चाने बाळाला मिळणार काय? डॉक्टरला हा प्रश्न विचारण्यात कसलाही संकोच नको.