पावसाळ्यात मायलेज का घटते?

पाऊस सुरू झाला की वसई-विरारमधले अनेक दुचाकीस्वार पेट्रोलपंपाच्या नावाने बोटे मोडतात. तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी कमी धावते, ही तक्रार खरी. पण कारण बहुधा टाकीत नसून रस्त्यावर असते. टायरला साचलेले पाणी बाजूला सारावे लागते. प्रत्येक खड्ड्यापाशी वेग कमी करून पुन्हा वाढवताना पेट्रोल जळते. घर ते स्टेशन हे दोन-तीन किलोमीटरचे अंतर तर इंजिन पुरते तापण्याआधीच संपते आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते. तापमान १० अंशांनी उतरले, तर टायरमधील हवेचा दाबही सुमारे दीड पीएसआयने घटतो.

गाडीला लावलेली मोठी काच आणि बाजूचे डबे यांचा हिशोब वेगळा. वेग ताशी ३० वरून ६० किलोमीटर झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून नालासोपाऱ्याच्या गर्दीत त्यांचा अडसर फारसा जाणवत नाही; मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मात्र जाणवतो. रोज न लागणारे डबे उतरवून ठेवावेत.

साडीगार्डला मात्र हात लावू नये. मागचे चाक निम्मे तरी झाकलेले हवे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ सांगतो. थेंबभर पेट्रोलसाठी कुणाची ओढणी चाकात जाऊ देणे परवडणारे नाही.

टायरमधली हवा तपासणे, साखळीला तेल देणे स्वाराच्या हाती आहे. पाण्याचा निचरा आणि खड्डे बुजवणे महापालिकेच्या. घटलेल्या मायलेजचा जाब पंपाइतकाच तिलाही विचारायला हवा.