डिकॉय मांडण्याआधी

लाकडी सुरय करून बेटावर मांडले, तर खरे सुरय तिथे घरटी करतील का? गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न वाचकांच्या पत्रांतून वारंवार येतो आहे. प्रश्न रास्त आहे, पण असे डिकॉय, म्हणजे नकली पक्षी, किती घ्यावेत आणि कुठून आणावेत हा त्याचा शेवटचा भाग झाला. ही विद्या मुळात शिकाऱ्यांची, आणि अमेरिकेतल्या रानटर्कीच्या शिकाऱ्यांइतका तिचा बारकाईने विचार क्वचितच कोणी केला असेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती राहिलीच पाहिजे. तरीही चांगल्या शिकाऱ्याला त्याचा पक्षी जितका कळतो, तितका तो आपल्यातल्या अनेकांना कळत नाही. तेवढे त्याच्याकडून जरूर घ्यावे.

वसंतात नर टर्की पिसारा फुलवून साद घालतो, तेव्हा मादीने आपल्याकडे यावे अशी त्याची अपेक्षा असते. शिकारी मादीचा आवाज काढतो. नर ओ देतो, पण लांबच उभा राहून वाट पाहतो. अशा वेळी डिकॉय कामी येतो. एक मादी आणि तिच्याजवळ वर्षभराचा कोवळा नर, ज्याला तिकडे ‘जेक’ म्हणतात, अशी जोडी शिकाऱ्यापासून साधारण १५ मीटरवर मांडतात. मादीजवळ असा पोरसवदा नर दिसला की थोराडाला राहवत नाही. तो थेट त्याच्यासमोर जाऊन उभा ठाकतो. म्हणून जेकचे तोंड शिकाऱ्याकडे करून ठेवायचे. मग खरा नर त्याच्यासमोर आला की त्याची पाठ शिकाऱ्याकडे होते आणि फुललेल्या पिसाऱ्याआड धनुष्य ओढणारा हात त्याला दिसत नाही. एरवी टर्कीची चौफेर नजर चुकवणे महाकठीण. जेकचे तोंड उलटीकडे असले की सगळेच फिसकटते. पिसारा पुरता फुलवलेला थोराड नर डिकॉय म्हणून मांडला, तर दुबळे नर जवळच येत नाहीत. प्लास्टिक चकाकले किंवा डिकॉय वाऱ्यावर गरगरला, तरी पक्षी बिचकतो.

शिवाय डिकॉयला माणूसही फसतो. नर टर्कीच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा हे रंग असतात. म्हणून शिकाऱ्याने ते अंगावर घालायचे नाहीत, रुंद बुंध्याला पाठ टेकून बसायचे, डिकॉय उघडा न नेता पिशवीतून न्यायचा, दुसरा शिकारी दिसला तर हात न हलवता खणखणीत हाक मारायची, हे तिकडे नवख्याला आधी शिकवतात.

संवर्धनात ही विद्या नावारूपाला आणली ती स्टीफन क्रेस यांनी. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ईस्टर्न एग रॉक या बेटावरचे पफिन एकोणिसाव्या शतकात शिकारीपायी संपले होते. क्रेस यांनी १९७३ पासून न्यूफाउंडलंडहून पिल्ले आणून तिथे खणलेल्या बिळांत वाढवली. उपद्रवी गल पक्षी आटोक्यात आणले गेले. पफिन थव्याने राहणारा पक्षी, रिकाम्या खडकावर उतरायला कचरतो. हे ओळखून १९७७ मध्ये लाकडी पफिन मांडले. त्याच वर्षी पक्षी परतू लागले आणि १९८१ मध्ये तिथे पुन्हा वीण झाली. म्हणजे जागा सुरक्षित करण्याचे काम आधी झाले होते, डिकॉय त्यानंतर आले.

न्यूझीलंडमधल्या माना बेटावरही अशाच हेतूने काँक्रीटचे गॅनेट पक्षी मांडले होते. कित्येक वर्षांनी तिथे एकच गॅनेट येऊन राहिला. त्याने एका काँक्रीटच्या पक्ष्याशेजारी घरटे बांधले, त्याच्या अंगावरून चोच फिरवून पिसे साफ केल्यासारखे केले. २०१८ च्या सुरुवातीला तो तिथेच मेला. आपल्या प्रयोगाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावे.

विणीच्या हंगामात मोबाइलवर आवाज वाजवून नराला फांदीवर बोलावणारे छायाचित्रकार टर्कीच्या शिकाऱ्याचेच तंत्र वापरत असतात. तो नर चारा सोडून, घरटे सोडून, नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकायला येतो. एका छायाचित्रासाठी हे करणे आम्हाला अजिबात मान्य नाही.

सुरयांना फसवून बोलावले, तर किंमत त्यांनाच मोजावी लागेल. नदी सुरय उघड्या वाळूवर अंडी घालतात. वरच्या धरणातून अवेळी पाणी सुटले की ती वाहून जातात. पाणी ओसरून बेट काठाला लागले की कुत्री पोचतात. अशा ठिकाणी डिकॉय मांडून पक्षी बोलावणे म्हणजे आपल्या हाताने त्यांची वीण बुडवणे होय.

तेव्हा डिकॉय मांडण्याचा विचार करणाऱ्या सर्व मंडळींना विनंती आहे. निवडलेल्या बेटावर एक पूर्ण हंगाम काहीही न मांडता निरीक्षण करा. पाणी कधी चढते, कुत्री कुठून येतात, पक्षी कुठे उतरतात आणि कोणत्या दिशेला तोंड करून बसतात, याची तारीखवार नोंद ठेवा. ती वनखात्याला दाखवा, परवानगी लेखी घ्या, आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती छापू. सुताराकडे त्यानंतर जा.