दालचिनीचा गोड लादीपाव

भगिनींनो, आपल्या बागलाणात खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईला पावाची कणीक नव्याने शिकवायला नको. मांडा हातावर न फाटता ताणला जातो तो गव्हातल्या चिवट प्रथिनामुळे. पावही त्याच्याच जोरावर फुगतो. बाजरीत ते नसते. तेव्हा सासूबाईंना परातीशी बसवा. कणीक जमली की नाही, त्या बोटाने सांगतील.

दोन वाट्या मैदा किंवा वस्त्रगाळ गव्हाचे पीठ घ्यावे. पाऊण वाटी कोमट दुधात चमचाभर साखर व लहान चमचाभर सुके यीस्ट विरघळवावे. दूध बोटाला सोसेल एवढेच गरम हवे. मी पहिल्यांदा वाफाळते दूध ओतले, यीस्ट मेले आणि तो दगड शेवटी म्हशीने खाल्ला! चिमूटभर मीठ, चमचाभर तूप घालून दहा-पंधरा मिनिटे मळावे व झाकून दुप्पट फुगू द्यावे. उन्हाळ्यात तास पुरतो, पौषात चुलीजवळ ठेवूनही दोन लागतात.

मग लहान लिंबाएवढे गोळे पातळ तुपात बुडवून अर्धी वाटी साखर व चमचाभर दालचिनीपूड यांत घोळवावेत आणि तूप लावलेल्या डब्यात खेटून रचावेत. दालचिनी कणकेत मात्र मिसळू नये, तिने यीस्ट मंदावते.

अर्ध्या तासाने जाड पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवावा. वर ताट झाकून निखारे पसरावेत. मंद आचेवर तीस-चाळीस मिनिटे लागतात. कापायला विळी नको; पोरे एकेक गोळा हातानेच तोडून नेतात.