आधी दूधच का तुटतं?

घरातली मिळकत घटली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘आता चैन बंद.’ पण बंद नेमकं काय होतं? दूध लिटरचं अर्धा लिटर होतं. मुलांची फळं जातात. म्हातारीच्या गुडघ्याचं औषध ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून राहतं. मोटारसायकलचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातोच. जे सहज तोडता येतं त्याला आपण चैन म्हणतो आणि ज्यात बांधले गेलो आहोत त्याला गरज. माझ्या मते ही वाटणीच उलटी आहे.

संत्र्यांच्या आणि कारखान्यांच्या बोरगाव-सौंसर पट्ट्यात मिळकत कशी येते, यात याचं मूळ आहे. संत्र्याचा पैसा महिन्याला येत नाही. आंबिया बहार असो की मृग, व्यापारी बगीचा फिरून झाडावरच्या फळाचा अंदाज बांधतो, सौदा होतो आणि वर्षाचा पैसा एकदोन खेपांत हातात पडतो. चांगल्या वर्षाच्या त्या रकमेवर माणूस पुढच्या चार वर्षांचे हप्ते कबूल करून बसतो. भाव मात्र गावात ठरत नाही. बांगलादेशाचं संत्र्यावरचं आयातशुल्क 2019 मध्ये किलोला 20 रुपये होतं, 2023 पर्यंत ते 88 झालं आणि नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक आखडलं. कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराचंही तेच : हप्ता ओव्हरटाइम धरून बसवलेला, आणि ओव्हरटाइमची हमी कुणाचीच नाही. मिळकत हलती, हप्ता अढळ. मधली तूट दुधातून भरून निघते. म्हणून चैन ओळखायची ती किमतीवरून नाही, पडत्या वर्षात तिने घराची किती मोकळीक खाल्ली यावरून.

यावर कुणी म्हणेल, आधी पुड्यांचा खाऊ बंद करा. 2023-24 च्या केंद्रीय खर्च-पाहणीत ग्रामीण घरांचा सुमारे 47 टक्के खर्च अन्नावर दिसतो आणि अन्नात सर्वांत मोठा वाटा, एकूण खर्चाच्या जवळपास 10 टक्के, पेयं आणि तयार खाण्याचा आहे. पण पाळीवर गेलेल्या माणसाचा बाहेरचा चहा-नाश्ताही त्यातच मोजला जातो. त्याला चैन म्हणायला माझी जीभ वळत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : रात्रपाळी सुटल्यावर गाडीशिवाय घरी यायचं कसं? गाडी हवीच. प्रश्न गाडीचा नाही, साध्या गाडीपेक्षा मोठी घेतली त्या वरच्या रकमेचा आहे.

आणि चारचौघांतला मान? तो मी चैनीत टाकत नाही. अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच लिहिलं होतं की युरोपच्या बहुतेक भागांतल्या मजुराला लिननच्या शर्टाशिवाय लोकांत यायची लाज वाटते, म्हणून तो शर्ट गरजेचाच. बोरगावात रेमंडच्या गिरणीत सुटिंग विणलं जातं. त्याच गावातल्या नवरदेवाने सूट घालू नये, असं सांगणारा मी कोण? पण मानाला दरवेळी कर्ज लागतंच असं नाही. मुलांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी निघतो तो बहुतेकदा जुनाच असतो : शिंगांना नवा रंग, चाकांना तेल, पाठीवर घरातल्याच कापडाची झूल. पोराची ऐट त्याने तसूभर कमी होत नाही. म्हणून बगीच्याचा सौदा होईल त्या दिवशी सर्वांत पडत्या वर्षातलं दूध, औषध आणि शाळेची फी आधी वहीत लिहावी, उरेल त्यातच हप्ता बसवावा. त्यात सूट बसला, तर खुशाल शिवावा.