पहिल्या सहा तासांचा प्रश्न

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावात मूल झाडावरून वा ओट्यावरून पडून त्याचे कोपर सुजले, की पहिले नाव निघते ते हाडवैद्याचे. याचा सारा दोष लोकांच्या अज्ञानावर ढकलणे सोपे असले, तरी न्याय्य नव्हे. हाडवैद्य हाकेच्या अंतरावर असतो आणि अवेळीही दार उघडतो. त्याच्या हातून साधी दुखापत बरी होते, म्हणून विश्वासही बसतो. कोपराची गोष्ट मात्र निराळी आहे.

हात टेकून पडलेल्या मुलाचे, विशेषतः पाच ते सात वर्षे वयात, दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. नेमक्या याच जागेवरून हाताची मुख्य रक्तवाहिनी व मज्जातंतू जातात. सरकलेल्या हाडाचा त्यांवर दाब आलेला असताना वरून कामट्या करकचून आवळल्या, तर स्नायूंचा रक्तपुरवठा खुंटतो. सुमारे सहा तासांत स्नायूंची कायमची हानी होऊ लागते आणि पुढे बोटे आखडतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले, तेव्हा घट्ट बंधनाकडेच बोट दाखविले होते. तेल लावून चोळणेही निरुपद्रवी नव्हे; त्याने स्नायूंत हाड धरून सांधा ताठरतो.

शहाण्या डॉक्टरालाही हे कोपर चकविते. मुलांच्या कोपरात हाड धरण्याची सहा केंद्रे निरनिराळ्या वयांत प्रकट होतात. त्यामुळे क्ष-किरण चित्रात मोड कोणती आणि वाढ कोणती, असा संभ्रम पडतो. गार्टलंड यांनी १९५९ साली या अस्थिभंगाचे तीन प्रकार केले. हाड जागचे हललेले नसेल, तर सुमारे तीन आठवडे प्लास्टर पुरते. पूर्ण सरकले असेल, तर भूल देऊन ते बसवावे लागते, तारांनी स्थिर करावे लागते. तीन-चार आठवड्यांनी तारा काढतात.

तेव्हा निर्णायक ठरते ती पहिली घटका, आणि ती बहुधा शिक्षकांच्या हाती असते. हात आहे त्याच स्थितीत पुठ्ठ्याच्या आधाराने झोळीत अडकवावा. ओढू नये, चोळू नये. भूल द्यावी लागेल, म्हणून खाऊ-पिऊ घालू नये. बोटे थंड वा फिकी पडली, किंवा ती सरळ करताना मूल कळवळले, तर क्षणाचाही विलंब नको. हाडवैद्यानेही कोपराला हात न लावण्याची शपथ घ्यावी. त्याची प्रतिष्ठा त्याने वाढेलच.

शासनाची जबाबदारी याहून मोठी आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. परंतु ती जेथे पोचते, तेथे रात्री अस्थितज्ज्ञ व भूलतज्ज्ञ नसतील, तर धावण्याला अर्थ काय? उद्या ज्या हाताने लेखणी वा तिफण धरावयाची, तो हात केवळ अंतरापायी निकामी व्हावा, हे कोणत्याही कल्याणकारी राज्याला शोभणारे नाही.