बुटक्या ट्रकांचे दोन पंथ

कॅलिफोर्नियातली हौशी मंडळी पिकअप ट्रक मुद्दाम बुटका करतात. त्यांत पंथ दोन. पहिला पुढच्या स्प्रिंगा आखडतो, मागे पाट्यांखालचा अ‍ॅक्सल पाट्यांवर घेतो आणि म्हणतो, ‘साकु!’ उंची कायमची ठरली. खड्डा आला तर चालकाने वळसा घ्यावा. दुसरा स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या बसवतो. सोबत कॉम्प्रेसर, टाकी, झडपा. बटण दाबताच ट्रक उठतो, थांबल्यावर चेसिस जमिनीला टेकते. पिशवी फुटली की मात्र भर रस्त्यात बसकण!

मला पहिलाच पंथ पटतो. आपल्या गतिरोधकांवर त्याचा निभाव लागणार नाही, ते सोडा.

गाडी चाकाच्या रिमखाली उतरू नये, हा तिथला जुना कायदा. त्याच्या आधारे मेक्सिकन वंशाच्या तरुणांना पोलीस वर्षानुवर्षे अडवत. १ जानेवारी २०२४ पासून तो रद्द झाला.